तबकडी थांबली तेव्हा

मलकापुरातलं ते कार्यालय एरवी लग्नांचं. त्या अमावास्येला मात्र भर दुपारी बाराला खिडक्यांवर तांबडे पडदे ओढले होते, पंखे बंद केले होते आणि तीनशे माणसं घामानं निथळत गप्प बसली होती. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पुढं चौरंगावर, झेंडूच्या माळा घातलेला, पितळी कर्ण्याचा चावीचा ग्रामोफोन मांडला होता. शेजारी नादबाबा बसले होते, पांढऱ्या लुंगीत, डोळे अर्धे मिटून.

"शब्द मरत नसतो," बाबा सांगत होते. "माणूस मरतो. शब्द आकाशात जाऊन थांबतो, व्हायब्रेशन होऊन. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी हे मान्य केलंय, पण त्यांच्याकडं असला कर्णा नाही. पाचगणीच्या गोऱ्या साहेबानं एकोणीसशे आठ साली माझ्या पणजोबांना तो दिला. जगात असले दोनच होते. दुसरा समुद्रात बुडाला."

दुसरा बुडाला, म्हणजे खात्री करून घ्यायला कुठं जायची सोय नाही. मला हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

बाबांच्या मेहुण्यानं वीस वेढे चावी दिली. काळी तबकडी फिरायला लागली, सुई खाली टेकली. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी घसा खाकरला आणि आवाज आला.

"आई, ऐकतीस ना?"

शेजारी बसलेल्या राहीबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी आत रुतली. आवाज त्यांच्या लेकाचा होता, वीरधवलचा. आठ महिन्यांमागं तो गेला होता. बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय त्याचीच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी देव मानत नाही, भूत मानत नाही, आणि त्या क्षणी मला पडद्याकडं बघायचं धाडस होईना.

"क्रांती," कर्णा म्हणाला. "जाऊ नको. क्रांती... जाऊ नको."

पलीकडं बसलेली माझी भाची क्रांती, त्याची बायको, जागच्या जागी मान खाली घालून थिजली. तबकडीवर माळेतली झेंडूची एक पाकळी पडली होती आणि ती गोल गोल फिरत होती. कुठंतरी बघायला हवं म्हणून मी त्या पाकळीकडं बघत राहिले.

"अजून त्याला बोलायचंय," बाबा म्हणाले. "रविवारी या."

आता जरा मागचं सांगते. मी राजेश्वरी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझा स्प्रिंगा वळायचा छोटा कारखाना आहे. क्रांती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, दिलेली विट्याजवळच्या गावात. सासरे ज्ञानूअण्णा जन्मभर तिरुचिरापल्लीला गलाईच्या धंद्यात होते, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. पुढं दुकान वीरधवलनं चालवलं. तिथंच एका सकाळी त्याच्या गाडीला टँकरनं उडवलं.

दहाव्याला कावळा शिवला नाही. दोन तास वाट बघितली. "क्रांतीला अंतर देणार न्हाई," असं राहीबाई म्हणाल्या, अण्णा म्हणाले, मलासुद्धा म्हणायला लावलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. त्या दिवशी घाटावर तीन दहावे होते आणि कावळ्यांची पोटं टम्म भरली होती, हे मी तिथंच म्हटलं. पण ज्या आईचा लेक गेलाय तिला कावळ्याच्या पोटाचं सांगून काय उपयोग! लेकाचं काय राहिलं, ह्या एका प्रश्नानं त्या बाईला आठ महिने पोखरलं. तोच प्रश्न घेऊन त्या नादबाबाकडं गेल्या.

आणि नेमकी तेव्हाच क्रांतीला सांगलीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, राहायचं माझ्याकडं. राहीबाईंनी स्वतः तिची बॅग भरली होती. मलकापूरहून परतल्यावर त्यांनी ती रिकामी केली.

"मावशी, तू ऐकलंस न्हवं?" क्रांतीनं मला विचारलं. नेमणुकीचा कागद तिनं देव्हाऱ्यात देवाखाली सरकवून ठेवला होता.

"ऐकलं."

"आवाज त्यांचा नव्हता का?"

"त्याचाच होता." खोटं मला बोलवेना.

"मग ते जाऊ नको म्हणत असताना मी कशी जाऊ?"

रागानं नुसती कानशिलं तापली होती, आणि राग कुणावर करायचा तेही कळत नव्हतं. मी एसटी धरून कुपवाडला आले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बाकावर एक ग्रामोफोन होता. हा खराखुरा जुना. सांगलीतल्या विनोदिनीबाईंनी तुटलेली स्प्रिंग करून घ्यायला दिलेला. नवी पट्टी बसवून मी चावी दिली आणि एका बाईच्या गाण्याची तबकडी लावली. चावी मुद्दाम अर्धीच दिली होती. शेवटाकडं स्प्रिंग दमली, तबकडी मंदावली, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज जाड होत होत पार पुरुषाचा झाला, मग रेड्यासारखा रेकला. सगळे कामगार हसले. मी मात्र हातात पक्कड घेऊन तशीच उभी राहिले.

मला ती पाकळी आठवली.

सुरुवातीला ती इतक्या वेगानं फिरत होती की फेरे मोजता येत नव्हते, नुसतं पिवळं काहीतरी गरगरताना दिसत होतं. शेवटी तिचा एकेक फेरा मला मोजता येत होता. तबकडीचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला होता, आणि वीरधवलचा आवाज पहिल्या शब्दाला होता तसाच शेवटच्या शब्दाला होता. असं होत नसतं. ग्रामोफोनात आवाज सुईतून येतो, सुईला तो तबकडी देते. तबकडी दमली की आवाज दमतो, मग तो जिवंताचा असो की मेलेल्याचा.

मी अण्णांना फोन लावला.

"पाव्हणं, चाळीस वर्षं सोनं गाळलंत. गिऱ्हाईक शुद्ध म्हणालं म्हणून कधी मानलंत?"

"कसावर घासल्याबिगर न्हाई मानलं कवा."

"मग ह्या बाबाला का मानलं?"

अण्णा म्हणाले, "आक्का, पोराचा आवाज हाय त्यो. त्येला कसा घासू?"

"आवाजाला नका घासू. यंत्राला घासा," मी म्हटलं, आणि काय बघायचं ते सांगितलं.

रविवारी पुन्हा तेच कार्यालय, तेच पडदे, तीच दुपार. अण्णा नमस्काराला पुढं गेले. "हात लावू नका, नाद तुटतो," मेहुण्यानं दरडावलं. अण्णांनी पेटीपुढं डोकं टेकलं, उठताना तोल गेल्यासारखं करून कर्णा धरला आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"मागं चार इस्क्रू हायत, फुलीचे," ते पुटपुटले. "आन पितळ पत्र्यागत पातळ, वरनं वार्निश. जुनं पितळ हाताला असं लागत न्हाई."

फुलीचे स्क्रू. एकोणीसशे आठ साली ते बाजारात नव्हते. तेव्हाच्या स्क्रूला एकच सरळ चीर असायची. असले नवे ग्रामोफोन आता ढिगानं मिळतात, दिवाणखान्यात शोभेला ठेवायला. ठेवा की, कोण नको म्हणतंय. पण आतली स्प्रिंग मऊ पोलादाची, दीड मिनिटात जीव टाकते. वेग सांभाळणारा गव्हर्नर हलका, म्हणून तबकडी डगमगते. सुई धरणारी आवाजाची डबी इतकी जड की चांगली तबकडी नांगरून काढते. आणि खऱ्या यंत्राला तबकडीच्या दर बाजूला नवी सुई लागते. ह्या बाबानं दोन्ही दिवसांत सुई बदलली नाही, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष जाणार?

चावी दिली. खरखर झाली. घसा खाकरला.

"आई, ऐकतीस ना?"

अण्णा उठले. डोळ्यांतून धारा लागलेल्या म्हाताऱ्याला अडवायचं कुणाला सुचलं नाही. ते चौरंगापाशी गेले आणि त्यांनी आपला उजवा अंगठा फिरत्या तबकडीवर दाबून धरला.

तबकडी थांबली. सुई जागेवर उभी राहिली.

"क्रांती," त्यांचा लेक म्हणाला. "जाऊ नको."

अण्णांच्या अंगठ्याखाली तबकडी गप्प होती. "क्रांती... जाऊ नको," आवाज येतच राहिला. आजही तो क्षण आठवला की मानेवर गार हात फिरतो.

"आवं," राहीबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "तबकडी तर थांबलीया. मग बोलतंय कोन?"

बाबा चपळ माणूस. "बघा," ते ओरडले, "बघा नादाची शक्ती. आता आत्म्याला तबकडीचीही गरज उरली नाही." आणि सांगायला लाज वाटते, निम्म्या हॉलनं हात जोडले. डोळ्यांदेखत खोटं उघडं पडलं होतं, आणि लोकांनी त्याचाच आणखी मोठा चमत्कार केला.

माझं टाळकं सटकलं. स्प्रिंगवालीच्या पर्समध्ये पावडरची डबी नसते, स्क्रूड्रायव्हर असतो. मी पेटीमागं गेले. मेहुणा अंगावर आला तर मध्ये क्रांती येऊन उभी राहिली.

"मला हात लावून बघ," ती म्हणाली. "ते माझं नाव घेतायत. आत काय हाय ते मी बघनार."

चार फुल्या उलट फिरवल्या, फळी निघाली. आत मुठीएवढं यंत्र. त्याच्या बाजूला चिकटपट्टीनं डकवलेला काळा स्पीकर, निळा दिवा लुकलुकणारा, मोबाईलवर चालणारा. तो मी उपटला आणि राहीबाईंच्या हातात दिला.

हे मी करायला नको होतं. सत्य दाखवायच्या घाईत मला त्या आईचं भान राहिलं नाही. वीरधवल तिच्या तळहातातून बोलत होता, आणि तिनं तो स्पीकर दोन्ही हातांनी कानाशी धरला. शेवटी क्रांतीनं हळूच त्यांच्या बोटांमधून बोट घातलं आणि बटण दाबलं. आवाज बंद झाला.

पुढचं लवकर उरकलं. मेहुण्याच्या मोबाईलमध्ये घराघरांच्या नावानं आवाजाचे तुकडे निघाले. लोकांनी पडदे ओढून काढले, पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. बाबा शेवटपर्यंत समुद्रात बुडालेल्या ग्रामोफोनाबद्दल सांगत होते.

पण आवाज त्यांना मिळाला कुठून? घरी आल्यावर अण्णांनीच कपाळावर हात मारला. पहिल्या भेटीत बाबानं गेलेल्याच्या हाताची वस्तू एका रात्रीपुरती मागितली होती. तिरुचिरापल्लीहून वीरधवलच्या वस्तू आल्या होत्या, त्यांत त्याचा मोबाईल होता. "कुलूप काढून द्या," मेहुणा म्हणाला होता, "बंद वस्तूत प्राण येत न्हाई." तिजोरीची किल्ली कुणाला न देणाऱ्या माणसानं पोराचा मोबाईल उघडून दिला.

"जाऊ नको हे ते कवा म्हनले असतील?" क्रांतीनं विचारलं. तो गेल्यापासून तिनं स्वतःच्या मोबाईलमध्ये त्याचं नाव एकदाही उघडलं नव्हतं. संध्याकाळच्या उजेडात ओसरीवर बसून तिनं ते उघडलं. मागं मागं जात ती त्यानं वर्षभरापूर्वी तिरुचिरापल्लीहून बोलून पाठवलेल्या एका निरोपावर थांबली. ती तेव्हा कराडला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला घरी आली होती, आणि ऊसदराचं आंदोलन पेटलं होतं.

घसा खाकरला.

"क्रांती, ऊसवाल्यांनी कराडचा रस्ता अडवलाय म्हनं. आज जाऊ नको. पेपर परवा हाय न्हवं? उद्या जा, पन जा. शाळा सोडायची न्हाई. आई, ऐकतीस ना? उद्या हिला डबा दे गं."

एवढंच. बाबाला क्रांतीच्या नोकरीचं काहीच माहीत नव्हतं. त्या नोकरीशी त्याचं वैरही नव्हतं. मेलेला माणूस समाधानी झाला तर घरचे दक्षिणा घेऊन परत कशाला येतील, म्हणून त्यानं त्यातले हवे तेवढे शब्द कापून घेतले आणि काळजीनं बोललेल्या वाक्याचा साखळदंड करून त्याच्याच बायकोच्या पायात घातला.

राहीबाईंनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. ऐकला. मग पदरानं तोंड पुसून उठल्या.

"कुटं निगालीस?" अण्णांनी विचारलं.

"हरभऱ्याची डाळ भिजत घालती. डबा द्यायचाय न्हवं सकाळी."

लेकाचं काय राहिलं, ह्या प्रश्नानं आठ महिने त्यांना झोप नव्हती; त्याचं उत्तर सुनेच्या डब्यातल्या डाळीत होतं. सोमवारी सहाच्या एसटीत क्रांती माझ्या शेजारी बसली. मांडीवर डबा, त्यातून वाटल्या डाळीचा वास येत होता. खिडकीबाहेर दोघं म्हातारी उभी होती, आणि गाडी हलली तेव्हा तबकडीवर दाबलेला तो उजवा अंगठा अण्णांनी अजून मुठीत धरून ठेवला होता.

मी काही भाषण करणारी बाई नाही. एवढंच सांगते, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटला तर लाजू नका. मोबाईल उघडा, पूर्ण ऐका, पोटभर रडा. तो आवाज तुमचा आहे, तो दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. आणि कुणी तो कर्ण्यातून, आरशातून, धुरातून काढून दाखवायला लागला, तर आधी उठा आणि तबकडीवर अंगठा ठेवून बघा.