मागच्या सीटजवळचं सॉकेट

कुणी "आराम करा" म्हटलं की वाइंडरबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. आणि हल्ली जो तो तेच म्हणायचा. अहो, एकतीस वर्षं ज्या बाईनं जळलेल्या विजेच्या मोटारींत नव्यानं तांब्याची तार भरली, त्या कमाईवर मुलाला वाढवलं, तिनं आता खिडकीपाशी बसून काय करायचं तर आराम! त्या तारांवर चढवायच्या वॉर्निशच्या वासानं फुप्फुसं कामातून गेलेली, हे खरं. नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र, आणि त्या यंत्राच्या बॅटरीत जेमतेम दीड तासाचा दम. पाठची बहीण राहायची चार तासांवर.

धाकटीचे कान दोन वर्षांपूर्वी पार गेले. समोर बसलं तर ती ओठांवरून बरोबर ओळखायची, पण फोनवर सगळं ठणठणपाळ. फोनच्या चित्रात तिला ओठ नीट दिसत नसत. त्यात कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं घराबाहेर पडणं बंद. लिहून बोलायचा प्रयत्न दोघींनी करून पाहिला आणि सोडून दिला. लिहून धड भांडतासुद्धा येत नाही, मग बोलणार काय कपाळ! दोन वर्षं झाली, सख्ख्या बहिणींनी एकमेकींना एक शब्द ऐकवलेला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी मुलगा घेऊन निघाला होता. यंत्राची वायर गाडीतल्या पुढच्या सॉकेटमध्ये खोचली आणि निघाले. अर्ध्या वाटेत सॉकेटचा फ्यूज उडाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. यंत्र आपल्या बॅटरीवर चालत राहिलं, मग तीही संपली. मुलानं आरशात पाहिलं तेव्हा आईचे ओठ निळे पडले होते. वाटेतल्या दवाखान्यात दोन तास काढून ते घरी परत आले आणि त्या दिवसापासून प्रवास हा विषय बंद झाला. मुलगा विमा कंपनीत धोके मोजायच्या नोकरीत. त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार?

डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं नव्हतं. यंत्र बंद पडता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"मग पडू द्यायचं नाही, संपलं," असं म्हणून वाइंडरबाई एका सकाळी यंत्र खांद्याला अडकवून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेल्या.

"पुढचं सॉकेट मोबाईलपुरतं असतं, मावशी. तुमचं यंत्र त्याला झेपायचं नाही," तो म्हणाला.

"ते मला शिकवू नकोस. गाडीच्या बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढ, मध्ये फ्यूज घाल आणि मागच्या सीटजवळ नवं सॉकेट बसव."

"नव्या गाडीला हात लावला की कंपनी कटकट करते. आधी तुमच्या मुलाला विचारा. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? घरी जा, आराम करा."

झालं! वाइंडरबाई पाय आपटत घरी आल्या. वाटेत तीनदा थांबावं लागलं, पण आपटायचे ते पाय आपटलेच.

सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. हात असा बारीक की तिनं लावलेला दात खरा की खोटा, हे घरच्यांनाही कळू नये. सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"शनिवारी हा ऑफिसला गेला की मला तुझे हात पाहिजेत. माझे आता थरथरतात. डोकं माझं, हात तुझे."

"आई, ते गाडीवर डास बसला तरी पुसतात. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढू देत नाहीत अजून."

"माणसांच्या तोंडासाठी वस्तू बनवतेस आणि गाडीच्या तोंडाला भितेस होय गं?"

सुनेला हसू आलं. तिथंच ती फितूर झाली.

शनिवारी मुलगा बसनं ऑफिसला गेला. अंगणात गाडी उभी होती. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि सून बॉनेटमध्ये वाकली. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावायचा, कारण काही बिघडलंच तर वायरीआधी तो उडाला पाहिजे. इंजिनामागच्या पत्र्यात रबरी बूच असतं, त्यातून वायर आत घ्यायची, म्हणजे पत्र्याच्या धारेनं ती कापली जात नाही. मग दारापाशी पायाखालची पट्टी उचकटून तिच्याखालून मागे न्यायची. सासू सांगत होती, सून करत होती. दोघी अशा रंगल्या की पातेल्यातलं दूध उतू गेल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

सॉकेट बसलं. यंत्राची वायर खोचली. यंत्रावरचा दिवा हिरवा झाला नाही.

"गेलं," सून म्हणाली.

"जातंय कुठे? मीटर लाव." बाईंनी आकडे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आलं. "वीज येतेय, पण परत जायला तिला वाट नाही. दुसरी वायर कुठं आवळलीस?"

"सीटखालच्या बोल्टला."

"त्याच्यावर रंग आहे. रंगातून वीज जात नाही, बाळा. खाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा लागेल."

सुनेनं कानस उचलली, पण ती हातातच राहिली. वायर ओढणं एक वेळ ठीक, पण नवऱ्याच्या गाडीचा रंग खरवडायचा! तिनं सासूकडे पाहिलं. सासूच्या नळीतून हवा सुसू करत होती.

"दे इकडे. चिडलाच तर माझ्यावर चिडू दे."

"काही नको. मीच खरवडते. माझ्यावरही चिडू दे जरा," सून म्हणाली आणि तिनं कानस चालवली.

हिरवा दिवा लागला तसा दोघींनी पोरींसारखा आरडाओरडा केला. बाई लगेच जाऊन मागच्या सीटवर बसल्या. सून घाईघाईनं पिशवी भरून आली आणि नेमका त्याच वेळी मुलगा फाटकात उभा राहिला.

त्यानं उघडं बॉनेट पाहिलं, उचकटलेली पट्टी पाहिली, खरवडलेला पत्रा पाहिला. "हे काय चाललंय? आई, उतर खाली."

"उतरत नाही."

"पुन्हा फ्यूज उडाला तर?"

बाईंनी बटव्यातून चार फ्यूज काढून दाखवले. "तुझ्या बायकोला बदलता येतो. तुलाही शिकवेन."

"आणि उडालेला नाहीच कळलं तर?"

"हा दिवा लाल होतो. मग आणखी दीड तास यंत्राची बॅटरी आहे, आणि ती आज काठोकाठ भरलेली आहे. विचार पुढचं."

तो दार धरून उभा राहिला आणि एकदम बोलून गेला. "तुझे ओठ निळे झाले होते, आई. मी गाडी चालवत होतो आणि मागे तू... मला भीती वाटते गं. रोज वाटते."

बाईंनी त्याचा हात धरला, पण जागा सोडली नाही.

"वाटणारच. मलाही वाटते. पण तुझ्या भीतीपायी मी त्या खिडकीपाशी तीन महिने काढले. मला माझ्या बहिणीशी बोलायचंय, माझा दम संपायच्या आत. घाबर की, खुशाल घाबर. पण गाडी चालवता चालवता घाबर!"

सुनेनं ड्रायव्हरचं दार उघडलं. "तुम्ही येताय, की मी चालवू?"

त्यानं एकदा बायकोच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग पट्टी पायानं दाबून जागेवर बसवली, बॉनेट लावलं आणि किल्ली मागितली.

चार तासांचे पाच झाले, कारण तो दर दहा मिनिटांनी गाडी हळू करून आरशात दिवा बघायचा. दिवा हिरवाच होता.

धाकटी काठी टेकत दारात आली. बहिऱ्या माणसांचा आवाज मोठाच असतो, तिचा तर मुळातच मोठा. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "दोन वर्षं कुठं मेली होतीस गं?"

वाइंडरबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिला नीट दिसावं म्हणून ओठ हलवत सावकाश म्हणाल्या, "आराम करत होते."