लोखंडाच्या गावातली उत्तर दिशा

"सर, ड्रोन जर स्वतःच्या अकलेनं उडणार असेल, तर कोल्टनच्या हातात रिमोट कशाला?"

हे कायसा विचारूच शकणार नाही, अशी झोरा आणि तेरेसा या तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं की! भर वर्गात, उभं राहून, आवाज जराही न कापता. मागच्या बाकावर दोघी तोंडात मफलर कोंबून हसत होत्या.

डालक्विस्ट सर शाळेच्या ड्रोन संघाचे प्रमुख. त्यांनी चष्मा काढला. "कारण सरावात दोन्ही वेळा तुझा ड्रोन मार्ग सोडून गोल गोल भरकटला. शनिवारी डुलुथ शहरात स्पर्धा आहे. कोल्टन हाताने उडवेल. आपोआप उडण्याचे गुण गेले तर गेले. तू पोस्टर रंगव."

"फुलं छान काढ हं," कोल्टन म्हणाला.

ड्रोनला मार्ग दाखवणारा सगळा प्रोग्रॅम कायसाने लिहिला, आणि आता तिने फुलं काढायची! घरी तर त्याहून कहर. "कोल्टनचा बाप, लुंडीन, खाणीत माझा मुकादम आहे, बाळा," बाबा म्हणाले. "माझी पाळी तोच लावतो. गप्प बस ना जरा." आईनेही मान डोलावली.

गप्प? दुसऱ्या दिवशी कायसाने शाळेच्या वर्कशॉपमध्ये ड्रोन पार उघडून ठेवला. चारही मोटारी लोण्यासारख्या फिरत होत्या. पात्यांना चरा नाही, बॅटरी भरलेली. तोल सांभाळणारा सेन्सर ठणठणीत, उपग्रहांना ठावठिकाणा विचारणारा अँटेनाही. समोरचं झाड ओळखून बाजूला व्हायला सांगणारा कॅमेरा तर तिच्याकडेच टक लावून बघत होता. या सगळ्यांचं ऐकून मोटारींना हुकूम सोडतो तो मेंदू, म्हणजे काडेपेटीएवढं सर्किट. त्यातला आपला प्रोग्रॅम तिने ओळ न् ओळ वाचला. चूक नव्हतीच! उरली नखाएवढी चिप. होकायंत्र.

त्याला उत्तर दिशा आधी शिकवावी लागते. ड्रोन हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवायचा. ते काम कोल्टनचं, आणि तो ते शाळेच्या पार्किंगमध्येच उरकायचा. कायसा तिथे गेली, फोनवरचं होकायंत्र उघडलं आणि वाकून फोन जमिनीलगत धरून चालू लागली. उत्तर दिशा आधी जिमकडे, मग चर्चकडे, मग चक्क कचऱ्याच्या डब्याकडे! हरणाच्या शिकारीला नेताना बाबा नेहमी सांगायचे, खाणीजवळ होकायंत्र बघू नकोस, सूर्य बघ. आणि लोखंडाच्या खाणीतून निघालेला चुरा या गावात कुठे नाही? रस्त्यात तोच, पार्किंगच्या डांबरात तोच. बिचारा ड्रोन जमिनीतल्या लोखंडाच्या ओढीत उत्तर शिकायचा आणि ती ओढ सुटली, वर गेला, की वेडापिसा व्हायचा.

"सर, फक्त एक उड्डाण. तळ्यावर. तिथे खाणीचा चुरा नाही."

सर हो म्हणाले. तळं अजून कडक गोठलेलं होतं. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या टपऱ्या आणि पिकअप गाड्या मागे टाकून सगळे पार मध्यावर गेले. तिथे कायसाने बूट काढून लांब भिरकावले.

"वेड लागलं का गं?" झोरा किंचाळली. "बोटं गळून पडतील!"

"बाबांचे खाणीतले बूट आहेत. टोकात पोलाद आहे."

लोकरी मोज्यांवर उभी राहून तिने ड्रोन आडवा, उभा, उलटा फिरवला. मग रिमोटसाठी कोल्टनपुढे हात केला. "रिमोट सरांच्या गळ्यात अडकवायचा. आणि सर, हात खिशात!"

"आपटला तर?" कोल्टन म्हणाला.

"तर आयुष्यभर हसा."

ड्रोन भुणभुणत उठला. बर्फावर रोवलेलं पहिलं निशाण, दुसरं निशाण. तिसऱ्याजवळच तो दोन्ही वेळा भरकटला होता. ड्रोन वळला आणि दोरी ताणल्यासारखा सरळ पुढे गेला, शेवटचं निशाण ओलांडून परत आला आणि तिच्या मोज्यांपुढेच अलगद टेकला. सरांचे हात खिशातच होते.

"माझ्या बाबांना कळू दे हे," कोल्टन पुटपुटला.

"सांग की! बघायला पण बोलाव."

"कायसा, प्रमुख चालक म्हणून तुझं नाव लावतो," सर म्हणाले. "पण घरी विचार. बाबांची अडचण मला ठाऊक आहे."

घरी बाबा सूप पीत होते, आई पाव कापत होती. कायसा कोट न काढताच टेबलापुढे उभी राहिली.

"आई, बाबा, विचारायला नाही, सांगायला आलेय. शनिवारी ड्रोन माझ्या नावावर उडणार. लुंडीनकाकांनी त्यावरून तुमची पाळी बदलली, तर मी त्यांच्या दारात जाऊन का ते विचारेन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तुम्ही रागवा हवं तर. मी जाणार."