इलोनाबाईंची ओटी

परदेशातून पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे आधी पडदे धुतले जातात. दीक्षितपुऱ्यातल्या खिरवडकरांकडेही तेच झालं. त्यांच्या रश्मीच्या कॉलेजनं हंगेरीतल्या एका कॉलेजाशी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचा कार्यक्रम ठरवला होता. चैत्रात तिकडची मुलंमुली जबलपूरला येऊन इथल्या घरांत राहणार, इथलं जगणं पाहणार, आणि पावसाळा लागला की इथली मुलं तिकडे जाणार. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या रश्मीचं नाव जाणाऱ्यांत होतं. म्हणून ज्युडित नावाची एक मुलगी आणि त्या मुलांबरोबर आलेल्या प्राध्यापिका इलोनाबाई अशा दोघी तिच्या घरी उतरल्या.

रश्मीची आई हेमलता मोठी हौशी. आपली संस्कृती दाखवायची तर हात राखून कशाला, असं म्हणून तिनं चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्याच आठवड्यात धरलं. पाहुण्यांना लसूण चालतो का, तिखट किती खातात, पंखा पुरेल की कूलर लागेल, हे सगळं तिनं आधीच कॉलेजातून विचारून घेतलं होतं. ओळखीच्या मराठी घरांत निरोप गेले. अनसूयाबाईंना मात्र ती स्वतः जाऊन सांगून आली. अनसूयाबाई म्हणजे त्या सगळ्या बायकांत वयानं मोठ्या आणि दराऱ्यानं त्याहून मोठ्या. काहीही करायचं झालं की 'अनसूयाबाई काय म्हणतील' हा विचार आधी यायचा. त्या खरोखर काय म्हणतात, हे विचारायला मात्र कोणी गेलं नव्हतं.

या हौसेचा भार उचलत होती ती सुमेधा, हेमलताची धाकटी जाऊ. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिचा नवरा केतन, म्हणजे रश्मीचा काका, हार्ट अटॅकनं गेला त्याला काही वर्षं झाली होती. रश्मीची परदेशाची मुलाखत सुमेधानंच घोटून घेतली होती आणि तिच्या थंडीच्या कपड्यांसाठी बाजारही तिनंच पालथा घातला होता. हळदीकुंकवाच्या सकाळी कैऱ्या किसणं, डाळ वाटणं, पन्हं करणं हे आटोपून तिनं अंगणात चैत्रांगण काढलं. ज्युडित शेजारी उकिडवी बसून चिमटीतून रांगोळी सोडायला शिकली. तिचं कासव बेडकासारखं झालं, पण सुमेधानं ते कोणाला पुसू दिलं नाही.

मग बायका यायची वेळ झाली तशी सुमेधा हात धुऊन जिन्यानं वरच्या खोलीत निघून गेली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. दर वर्षी ती अशीच जायची. हेमलता तिच्यासाठी आंब्याच्या डाळीची वाटी आधीच बाजूला काढून वर पाठवायची, आणि आपण जावेची किती काळजी घेतो, असं तिला मनापासून वाटायचं. हेमलता वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा घरांत वाईट कोणीच नसतं. म्हणून तर हे वर्षानुवर्षं चालतं.

रश्मीनं मात्र आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"मम्मी, काकू खाली काहून नाही बसत? ज्युडित विचारून राहिली होती. मी तिला काय सांगू?"

"सांग, दमली म्हणून. अनसूयाबाई येऊन राहिल्या आहेत, उगाच विषय नको. आणि तुला एवढ्या लांब जायचंय बेटा, चार सवाष्णींचे आशीर्वाद लागू दे."

रश्मीला हे पटलं नाही. पण बायका दारात आल्या होत्या आणि कूलरमध्ये पाणी भरायचं राहिलं होतं. तुमच्या-माझ्या घरातले बरेच प्रश्न असेच कूलरमध्ये पाणी भरायच्या नादात राहून जातात.

बैठक भरली. गौर झोपाळ्यावर बसली. पहिला मान अर्थातच मुख्य पाहुणीचा. हेमलताची माहेश्वरी साडी कशीबशी सावरत इलोनाबाई पाटावर बसल्या. हेमलतानं त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, भिजवलेले हरभरे, नारळ आणि खण घालून ओटी भरली. बायकांनी कौतुकानं फोटो काढले. इलोनाबाईंचे डोळे भरून आले. ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून त्या इंग्रजीत काहीतरी सांगू लागल्या आणि रश्मी त्याचं मराठी करू लागली. करता करता ती मधेच थांबली.

"बोल ना, काय म्हणाल्या?" हेमलता म्हणाली.

"त्या म्हणतात," रश्मी हळूच म्हणाली, "त्यांचे मिस्टर गेल्या हिवाळ्यात वारले. तेव्हापासून तिकडे त्यांना कोणी जेवायला बोलवत नाही. सगळे जोडीजोडीनं येतात, मग एकट्या बाईला कुठे बसवायचं, असं होतं त्यांना. म्हणतात, आज पहिल्यांदा कोणीतरी मला सगळ्यांच्या आधी बसवलं."

खोलीत फक्त कूलरचा आवाज राहिला. हेमलताच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच होता. ओमतीहून आलेली राजश्री शेजारणीच्या कानाशी लागून, आता पुसून टाकायला सांगायचं का, असं विचारत होती, आणि तिला वाटलं होतं त्याहून ते जास्त जणींना ऐकू गेलं. इलोनाबाईंना शब्द कळले नाहीत, पण चेहरे कळले. त्यांनी कपाळाकडे हात नेला आणि रश्मीला विचारलं, माझं काही चुकलं का? त्या प्रश्नानं हेमलता अगदी ओशाळून गेली. सगळ्याजणी अनसूयाबाईंकडे पाहू लागल्या.

अनसूयाबाईंनी हातातलं पन्हं सावकाश संपवलं.

"काहून पुसायचं गं राजश्री?" त्या म्हणाल्या. "माझे हे नव्वदीला टेकले. ते काय माझ्या कुंकवानं? दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी उठवून बसवलं त्यांना. आणि केतन गेला तेव्हा सुमेधाचं कुंकू काय हलकं होतं? सांगा ना मला, होतं हलकं?"

त्यांनी बैठकीवर एकदा नजर फिरवली.

"सुमेधा कुठे आहे?"

"वर आहे," हेमलता म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला..."

"मला काय? मी कधी म्हटलं? तुम्ही माझं नाव सांगून तिला वर बसवून राहिल्या, अन् मी समजून राहिली होती की पोरगी अजून दुःखात आहे, तिलाच यावंसं वाटत नसेल. तू विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दोघींची चूक आहे ही." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हेमलता, परक्या बाईला काही न विचारता पहिला मान दिलास. चांगलं केलंस. घर बुडालं का त्यानं? मग घरच्या बाईलाच हा नियम काहून? पाहुण्यांना आपली संस्कृती दाखवून राहिली ना? मग तो जिनाही दाखव त्यांना."

हेमलतानं करंडा खाली ठेवला आणि ती जिना चढून गेली. सुमेधा खिडकीशी बसून रश्मीच्या प्रवासाच्या बॅगेला लाल रिबीन शिवत होती, विमानतळावर ओळखता यावी म्हणून. खालचं सगळं तिनं ऐकलं होतं. तरी ती उठेना.

"नको ताई," ती म्हणाली. "पोरीला इतक्या लांब जायचंय. तिकडे तिला साधा ताप जरी आला ना, तर लोक म्हणोत न म्हणोत, मीच म्हणीन की मी खाली उतरले म्हणून आला."

हेमलताला वाटत आलं होतं की सुमेधा चारचौघींच्या बोलण्याला भिऊन वर बसते. आज तिला कळलं की ही बाई दर वर्षी वर बसते ती आपल्याच माणसांच्या काळजीनं. स्वतःच्या सावलीला ती भिऊ लागली होती, आणि ही भीती तिच्या मनात याच घरात शिरली होती! हेमलता तिच्याजवळ जमिनीवरच बसली.

"ताप आला तर रश्मी गोळी घेईल," ती म्हणाली. "ताप तुझ्यानं येत नाही, सुमेधा. हे तुझ्या डोक्यात मी घातलं. दर वर्षी ती वाटी वर पाठवून पाठवून घातलं. चल आता. नाहीतर मीही इथेच बसते, आणि इथे कूलरही नाही."

सुमेधाला रडता रडता हसू आलं. तिनं दोरा तोडला, बॅग बाजूला ठेवली आणि दोघी खाली उतरल्या.

खाली इलोनाबाईंनी उठून आपला पाट मोकळा केला. हेमलतानं करंडा उचलला, पण या वेळी तिनं लगेच बोट बुडवलं नाही. तिनं आधी विचारलं, लावू का? एवढ्या वर्षांत सुमेधाला कोणी काही विचारलं असेल तर ते हेच पहिल्यांदा. सुमेधा क्षणभर विचारात पडली आणि मग तिनं कपाळ पुढे केलं. पन्ह्याचा पेला राजश्रीनंच उठून सुमेधाला आणून दिला. ज्युडितनं तिला हात धरून अंगणात नेलं आणि बेडकासारख्या कासवासकट तिचा फोटो काढला.

सगळ्याजणी गप्प का झाल्या होत्या, ते रश्मीनं संध्याकाळी इलोनाबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या की आमच्याकडे जिना नाही, पण दारं आम्हीही लावतो. आता परत गेले की माझ्यासारख्या एकट्या बायकांना आधी जेवायला बोलावीन. अशा कार्यक्रमांत गाणी, नाच, पदार्थ यांची देवाणघेवाण होते. खिरवडकरांच्या घरी झाली ती याहून मोलाची होती.

पावसाळ्यात रश्मी निघाली तेव्हा तिला ओवाळायचं तबक हेमलतानं सुमेधाच्या हातात दिलं. रश्मीचे वडील श्रीरंग फॅक्टरीतून सुट्टी काढून आले होते. आपल्या भावजयीला तबक घेऊन उभी पाहून ते डोळे पुसायला बाहेर अंगणात गेले, आणि रिक्षा आली का ते बघतो, असं सांगून गेले.

हंगेरीत पोहोचल्यावर रश्मीला खरंच ताप आला. हवा बदलली की येतो तसा. तिचा फोन आला तेव्हा तो सुमेधानंच उचलला. हेमलता जवळच उभी होती, जावेच्या चेहऱ्याकडे पाहत.

"गोळी घेतलीस का?" सुमेधानं विचारलं. "मग झोप चुपचाप."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला आणि ती शाळेतल्या मुलांच्या चित्रवह्या तपासायला बसली.

मंडळी, रूढी पाळणारी माणसं दुष्ट नसतात, त्यांचं फक्त विचारायचं राहून गेलेलं असतं. पुढच्या वेळी तुमच्याकडे बैठक भरेल, तेव्हा पाहुण्यांना पाट देण्याआधी आपल्या घरातलं कोण वर जाऊन बसलं आहे, ते बघून या. आणि त्यासाठी जिना स्वतः चढा, वर वाटी पाठवू नका.