हुरड्याचे आवतन

नेरच्या वाचनालयात त्या सकाळी वर्तमानपत्रे बाजूलाच राहिली होती. न्यायाधीशांनी आपली मालमत्ता जाहीर करावी की नाही, यावर वाद रंगला होता आणि पुंडलिकरावांचा आवाज सर्वांत चढा होता.

"सर्वोच्च न्यायालयापासून तालुक्यापर्यंत एकूणएक न्यायाधीशानं सारं उघड केलं पाह्यजे! लोकायपासून लपवाचं कायले?"

टाळ्या पडल्या. कुंदाताईंनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या या बाईंना टाळ्या हा पुरावा वाटत नसे.

"पुंडलिकभाऊ, तुमचा दावा कुठवर आला?" त्यांनी विचारले.

शेजारचा शेतकरी उकंडा याने पुंडलिकरावांच्या शेताची बंडीवाट, म्हणजे बैलगाडीचा रस्ता, अडवला होता. वेचलेला कापूस सहा वर्षांपासून डोक्यावर वाहून आणावा लागत होता.

"सोमवारी तारीख हाय. न्यायाधीश बाईच्या घरी म्या हुरड्याच्या आवतनाची चिठ्ठी धाडली. जवाब नाही आला अजून."

"काहून धाडली?"

"हे काय इचारनं झालं, ताई! दरसाली तहसीलदार येते, डॉक्टर येते. हुरडाच तं हाय!"

"दावा लागायच्या आधी कोण्या न्यायाधीशाले बलावलं होतं?"

पुंडलिकरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. एकदाही नाही!

"मंग हा पाहुणचार नाही, भाऊ. न्यायाधीशानं सारं उघड कराचं, अन् आपण आपली चिठ्ठी झाकून ठेवाची?"

"कोर्टात हे सांगतलं तं दावा दुसऱ्या कोर्टात जाईन. पुन्हा पह्यल्यापासून!"

"जाऊ शकतो," कुंदाताई म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही.

सोमवारी पुकारा होताच पुंडलिकराव उभे राहिले. त्यांचे वकील बाही ओढत राहिले, तरी पुंडलिकरावांनी आवतनाची हकीकत भर न्यायालयात सांगितली.

न्यायाधीशांनी शांतपणे फाईल उघडली. "ही चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी मी वरिष्ठांना कळवले आणि ती प्रकरणाला जोडली. आज ती दोन्ही पक्षांसमोर वाचणारच होते. आपण आधी बोललात, हेही नोंदवते." मग त्या उकंडाकडे वळल्या. "दावा माझ्यासमोर चालण्यास तुमची हरकत आहे?"

उकंडा हात जोडून उभा राहिला. "मले तं हे मालूमच नव्हतं, जी. दोघायनं सोताहून सांगतलं, मंग हरकत कायची? पन वाट मी देत नाही, हे बी लिहून घ्या!"

न्यायालयात हशा पिकला.

वाट कोणाची, हे पुरावा ठरवील. त्याबद्दल आज काही म्हणणे अशास्त्रीय होईल. परंतु एका तालुक्याच्या न्यायालयात न्यायाधीश, वादी आणि प्रतिवादी एकाच दिवशी कसोटीला उतरले, एवढे निरीक्षण निर्विवाद आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यास कोणतीही हरकत नाही!

नागरिकहो, न्यायालयाकडे पारदर्शकता मागणे हा आपला हक्कच आहे. मात्र न्यायालयाचे दार आपण ज्या हेतूने ठोठावतो, तो हेतूही तितकाच उघड असला पाहिजे.