शंभर टक्के बंद

सकाळी अकराला आमच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. संचालक पडद्यापुढे उभे, लिफ्टवालाही वर आलेला, आणि मधोमध बाटली उंच धरून आमचा जादूगार. हे नाव सगळ्यांनी त्याला कौतुकानं दिलं होतं. मी ते दातओठ खाऊनच घेत असे.

"कर्करोगाच्या पेशी वाढवणारं एन्झाइम!" तो गरजला. "आजवर लोक त्या कुलपाला किल्ल्या घासत बसले. मी कुलूपच गोठवलं! एक थेंब, आणि काम शंभर टक्के बंद!"

टाळ्या. किल्ल्या घासत बसलेले लोक म्हणजे मी. त्या एकाच एन्झाइमला अडवेल आणि शरीरातल्या बाकीच्यांना धक्का लावणार नाही, असं औषध मी अकरा वर्षं घडवत होते. माझा आकडा चाळीस टक्क्यांवर अडकलेला. आणि हा, माझ्याच हाताखाली पिपेट धरायला शिकलेला, आठ महिन्यांत शंभर! माझा नुसता जळफळाट झाला.

काचसामान धुणाऱ्या मावशींनी त्या बाटलीला हात जोडले. त्यांच्या यजमानांना कर्करोग होता. हॉस्पिटलातली इंजेक्शनं चालू होती आणि दर खेपेला ओकाऱ्यांनी ते बेजार व्हायचे.

"दोन महिने कळ काढा, मावशी. मग हेच देऊ," जादूगार म्हणाला.

"मग उद्या इंजेक्शनाला नेतच नाही त्यांना. कशाला उगाच हाल?"

तो हसला, पण इंजेक्शन चुकवू नका, असं म्हणाला नाही. मीही गप्प बसले. बोलले असते तर सगळे म्हणाले असते, बाईंच्या पोटात दुखतंय. आणि दुखतच होतं.

दुपारी मावशी सिंकपाशी कुरकुरत होत्या. "साहेबांच्या बाटल्या घासून हात भरून आले. औषध पाण्यात पडलं की दुधट होतं. काचेवरचा पांढरा थर पाण्यानं हलत नाही, साबण लागला की लगेच लख्ख."

"दुधट?" मी चहाचा कप खाली ठेवला.

"पिठाच्या गुठळ्या होतात ना, तसं. पण फार बारीक."

मी तडक टेबलाशी गेले. आपल्या लाळेत स्टार्च पचवणारं एन्झाइम असतं. कर्करोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्यात जादूगाराचं औषध घातलं, तर तेही ठप्प! मग प्रयोगात वापरतात तो सौम्य साबण थेंबभर टाकला. एन्झाइम पुन्हा कामाला लागलं.

मी जवळजवळ धावतच जाऊन संचालकांना आणि जादूगाराला टेबलाशी घेऊन आले.

"साबण? हा काय पोरखेळ आहे?" जादूगार चिडला.

"तूच टाकून बघ."

सगळ्यांसमोर त्यानं आपल्या नळीत थेंब टाकला. शंभराचे तीन झाले. औषध विरघळतच नव्हतं. त्याचे डोळ्यांना न दिसणारे गोळे होत, आणि समोर येईल ते एन्झाइम त्यांना चिकटून बसे. साबणानं गोळे फुटले की ते सुटे. जादूगाराचा चेहरा पडला तेव्हा मला किती आनंद झाला, हे सांगायची लाज वाटते.

मावशी दारात उभ्या होत्या. "म्हणजे ह्यांना ते..."

"नाही, मावशी. ते औषधच नाही."

त्या आत येऊन माझ्या टेबलाशी थांबल्या. "आणि बाई, तुमच्या औषधात टाकलात का साबण?"

अकरा वर्षांत एकदाही नाही. माझा माझ्यावर फार विश्वास होता. तिथेच माझ्या नळीत थेंब टाकला. चाळीसाचे सव्वीस झाले.

"कमी झालं," मावशी म्हणाल्या.

"झालं. पण उरलंय ते खरं आहे."

"मग हे कधी मिळेल?"

"दहा वर्षांनी. कदाचित कधीच नाही. उद्याची तारीख चुकवू नका, मावशी."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मग उद्या माझी रजा लावा," म्हणाल्या.

मला मत्सरानं शहाणपण सुचलं, यात फुशारकी कसली? तुम्ही मत्सर वाटायची वाट बघू नका. एका थेंबात सगळं बरं करणारा भेटला, तर तो गादीवर बसलेला बाबा असो की पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ, त्याला विचारा: हे दुसऱ्या कशावर करून पाहिलंत का? आणि उत्तर मिळेपर्यंत चालू असलेलं औषध सोडू नका.