धनसिंग कोण

झुलालच्या हातात कसब होतं, डोक्यात मात्र ठणठणाट. शिंदखेड्यात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, गल्लीत समोरच घर. बायको कमलबाई शेजारच्या भिकुबाईशी खुदुखुदु हसायची आणि हा आला की गप्प व्हायची. संशयाला औषध नसतं म्हणतात. झुलालने यंत्र शोधलं.

काडेपेटीएवढंच होतं ते. बारीक माइक आवाज धरायचा, तांब्याच्या तारेचं वेटोळं तो हवेत सोडायचं, आणि दुकानातल्या रेडिओच्या एफएम पट्ट्यावर, एरवी नुसती खरखर असते तिथे, याचं स्वयंपाकघर लागायचं. ते त्याने पिठाच्या डब्यामागे चिकटवलं.

माणसाचा कान हवं ते निवडून घेतो. माइकला निवड माहीत नाही. स्टोची घरघर, वरवंटा, भांडी, सगळं तो एकाच जोराने ओततो. त्या गदारोळातून एका दुपारी कमलबाईचा आवाज वर आला.

"धनसिंग हासना का मना दिन चांगला जास. आते तो माले बोलतच नही. जीव लागत नही वं मना."

पुढचं स्टोने गिळलं. झुलालला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या भावाला, वनाला, बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर तिला विचारलं, "कोन शे हाऊ धनसिंग?"

कमलबाईला आधी हसूच आलं. "तुमले कोनी सांगं?"

झुलालने मोठ्या तोऱ्यात डबा सरकवून यंत्र दाखवलं. ती त्या काडेपेटीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही. झुलालच्या लेखी गुन्हा कबूल झाला.

"लई जा तुनी बहीणले," तो वनाला म्हणाला, आणि कमलबाई भावामागोमाग माहेरी निघून गेली.

भिकुबाई तेव्हा धुळ्याला लग्नाला गेली होती. परतल्यावर तिला कळलं, तशी ती तरातरा दुकानात आली.

"भाऊ, धनसिंग म्हणजे तुम्हीच ना. नवरानं नाव बाईनी कशे लेवो? म्हनीसन आम्ही दोन्ही जनी तुमले धनसिंग म्हणतस."

झुलालच्या पायाखालची वाळू सरकली. बायकोची आपल्यावरची माया त्याने चोरून ऐकली होती आणि त्याच मायेपायी तिला घराबाहेर काढलं होतं. इतकं फुटकं नशीब दुसरं कुणी जोडून देत नाही, ते ज्याचं त्यालाच जोडावं लागतं.

दुकान उघडं टाकून त्याने एसटी धरली. सासुरवाडीच्या ओट्यावर सासरा, वना आणि शेजारच्या बाया बसलेल्या. कमलबाई दारात आली. डोक्यावर पदर होता.

"मी चुकनू," तो रडवेला होऊन म्हणाला. "घर चाल."

ती आवाज न चढवता, सगळ्यांदेखत बोलली.

"झुलाल, तू घर जाय."

बायांनी तोंडाला पदर लावले. सासऱ्याने मान खाली घातली. त्याचं नाव घ्यायला तिला आता काहीच आड येत नव्हतं.