दर तीस सेकंदांनी हं

शेअर बाजारातले संगणक एकमेकांशी ज्या भाषेत सौदे करतात, ती पुस्तकातून काही धाकट्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी त्याने स्वतःच ती भाषा बोलणारं एक छोटं इंजिन, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायला घेतलं. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर मांडले. त्या भाषेचा नियम असा, की सांगण्यासारखं काही नसलं तरी दर तीस सेकंदांनी 'मी जिवंत आहे' एवढं कळवायचं. एकदाचं जमलं! दोन्ही डबडी एकमेकांना तेवढंच सांगत होती आणि हा पठ्ठ्या हरखून बघत होता.

आंघोळीला जाताना ताई म्हणाली, "दूध तापतंय, लक्ष ठेव."

"हं."

बाथरूममधून ती ओरडली, "ठेवलंयस ना?"

"हं."

ताई बाहेर आली तेव्हा दूध उतू जाऊन ओट्यावरून जमिनीवर पोचलं होतं आणि पातेल्याचा कोळसा झाला होता.

"मेल्या, दोनदा हं म्हणालास ना?"

"अगं, हं म्हणजे निरोप पोचला असं नसतं," पडद्यावरून नजर न हलवता तो समजावू लागला. "हं म्हणजे मी जिवंत आहे, एवढंच."

"असं होय?" ताईने सांडशीत धरून पातेलं उचललं. "मग पुढच्या तीस सेकंदांची काही खात्री नाही हं."